दुखवट्याचं काळं

विणलेले ताके तपासून घडी करतात त्या घडीखात्यातून बोलावणं आलं की कापडात खोट निघाली हे कुठल्याही विणकरणीला कळतं, आणि इदालिनाला ते महिन्याभरात तिसऱ्यांदा आलं होतं. तिने आपले सहाही माग, गिरणीच्या भाषेत साचे, बंद केले, शेजारच्या साच्यांवरच्या ज्युस्ताला खूण केली आणि दोघी जिना उतरल्या. ज्युस्ताला न्यावंच लागे. इदालिनाला अमेरिकेत येऊन अकरा वर्षं झाली होती, पण तिचं इंग्रजी ‘हो मास्तर’ आणि ‘दोरा तुटला’ यांच्या फारसं पुढे गेलं नव्हतं.

खाली मोठ्या खिडकीपाशी ऑर्मरॉड मास्तर उभा होता. समोर कलत्या फळीवर तिच्या हातचा मलमलीचा ताका उलगडलेला. मलमल इतकी तलम की खालच्या लाकडाच्या रेषा दिसाव्यात. मास्तरने एका जागी बोट ठेवलं. तिथे विणीत एक काळा तंतू अडकला होता, भुवईच्या केसाएवढा. हातभर पुढे दुसरा, आणि त्याच्या पुढे दोन शेजारी शेजारी. मग त्याने चिमटा घेतला, इदालिनाच्या खांद्यावरच्या काळ्या लोकरी शालीचा एक तंतू उपटला आणि मलमलीतल्या तंतूशेजारी ठेवला. सांगायचं काही उरलंच नाही.

मास्तर वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट माणसाला मनातल्या मनात शिव्या तरी घालता येतात. हा लँकेशायरचा म्हातारा, स्वतः आठव्या वर्षापासून गिरणीत वाढलेला, तिचं दुःख आपल्याला कळतं असं म्हणत होता, अगदी हळू आवाजात, आणि तरीही जे सांगायचं ते सांगत होता.

“सोमवारपासून अंगावर काळं दिसलं तर साच्याजवळ यायचं नाही म्हणतो,” ज्युस्ताने सांगितलं. “नाहीतर रस्त्यापलीकडे जहाजांच्या शिडांचं कापड विणतात त्या खात्यात जा. तिथे काळं घाल, निळं घाल, कोंबडीची पिसं लाव, कोणी विचारत नाही.”

“कोंबडीची पिसं तो म्हणाला?”

“ते मी म्हणते.”

इदालिनाला हसू आलं नाही. ती वर गेली आणि साचे पुन्हा सुरू केले.

तिच्या माहेरच्या बेटावरून पत्र आलं होतं ते उपवासकाळात, एका शनिवारी संध्याकाळी. तिच्या गावच्या, फुर्नाशच्या, शाळामास्तरांनी तिच्या भावाच्या वतीने लिहिलेलं. बेल्मिरोने, तिच्या नवऱ्याने, ते अडखळत वाचलं. तिची आई रोझारिया वारली, त्याला साडेपाच आठवडे झाले होते. तो कुठला वार होता हे इदालिनाने बोटांवर मागे मोजत काढलं. मंगळवार. त्या मंगळवारी ती नेहमीसारखी साच्यावर होती आणि ज्युस्ताच्या कसल्याशा चावट गोष्टीवर पोट धरून हसली होती. हे आठवलं नसतं तर बरं झालं असतं, पण आठवलं.

तीन वर्षांत परत येते, असं ती आईला सांगून निघाली होती. तिनाची अकरा कशी झाली हे कोणालाच सांगता आलं नसतं. दर वसंतात जायचं ठरे आणि दर वसंतात काहीतरी आडवं येई. आई मात्र दर पत्रात विचारायची, तू तिथे नेमकं करतेस काय? शेवटी दोन वर्षांपूर्वी इदालिनाने आपल्या साच्यावरच्या मलमलीचा दोन हात तुकडा तिला धाडून दिला होता. हे करते मी. त्याचं उत्तर या पत्रात आलं, अगदी शेवटच्या ओळीत. तुझ्या हातचं कापड डोक्याला बांधून आईला मातीत ठेवली, एवढंच शाळामास्तरांनी लिहिलं होतं.

पत्र वाचून संपायच्या आत सासूबाई पेर्पेतुआने चुलीवर कपडे उकळायचं मोठं पातेलं चढवलं होतं. बेटावर घरात कोणी गेलं की पहिलं काम हे. इदालिनाचे घागरे, झंपर, पायमोजे, एकूण एक वस्तू त्या काळ्या पाण्यात गेली, बिऱ्हाडभर रंगाचा उग्र वास भरला आणि खालच्या मजल्यावरच्या बायकांना न सांगता कळलं की वर कोणीतरी गेलंय. त्या मक्याची भाकर आणि तळलेले मासे घेऊन आल्या. पेर्पेतुआने मग स्वतःच्या पेटीतून बेटावरची शाल काढली, काळ्या मेंढीच्या लोकरीची, तिच्या बहिणीने कातलेली, बोचरी आणि केसाळ, आणि सुनेच्या खांद्यावर घातली. सख्ख्या आईसाठी दोन वर्षं, ती म्हणाली, त्यात एक दिवस कमी नाही. स्वतः ती नवऱ्यासाठी एकोणीस वर्षं काळ्यात होती आणि मरेपर्यंत राहणार होती, त्यामुळे तिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता.

इदालिना रडली नाही. शनिवारी पत्र आलं, रविवारी मिस्सा झाली, सोमवारी भोंगा झाला. मध्ये जागाच नव्हती. बेटावर असती तर आईला आंघोळ घालायला मिळाली असती, सातव्या दिवशी घर माणसांनी भरलं असतं, मातीवर फुलं ठेवायला जाता आलं असतं. इथे ना माती ना घर. इथे फक्त काळं होतं, आणि त्याने मान खाजायची. त्या खाजेने दिवसातून शंभर वेळा आठवण व्हायची की आई नाही. तेवढंच आईचं तिच्यापाशी उरलं होतं, आणि आता मास्तर म्हणत होता तेही काढ.

तिने आधी शाल काढून बघितली. तरी ताक्यात तंतू निघाले, कारण घागराही लोकरीचाच होता. मग तिने गळ्यापासून घोट्यापर्यंत पांढरा एप्रन चढवला. काळ्या बाह्या बाहेर राहिल्या, आणि तुटलेला दोरा जोडायला साच्यावर वाकल्याशिवाय विणकाम होत नाही. असे सगळे उपाय थकल्यावरच ते तिसरं बोलावणं आलं होतं.

रविवारी जेवताना घरात या गोष्टीचा निकाल लागायचा होता. पेर्पेतुआने कोबीच्या पानांचं सूप वाढलं आणि वाढता वाढताच सुरुवात केली. म्हणजे आता आईसाठी किती रडायचं हे गिरणी ठरवणार का? कापडात केस जातो म्हणून आई विसरायची?

“विसरायचं कोण म्हणतंय?” इदालिना म्हणाली. “घरी घालीन, देवळात घालीन, रस्त्यात घालीन. फक्त साच्यावर नाही.”

“आणि साच्यावर तुझी आई जिवंत होते का?”

बेल्मिरो सूपात काहीतरी शोधत होता. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, तुम्ही दोघी ठरवा. हे वाक्य तो लग्नाच्या दिवसापासून म्हणत आला होता. पिंजणखात्यात दहा-दहा तास घालवून आलेल्या माणसाला घरात शांतता हवी असते हे इदालिनाला कळत होतं, पण ती शांतता दर वेळी तिच्याच खिशातून निघावी हे तिला कळत नव्हतं.

तिने पाद्रींना विचारलं होतं, तेही सांगून बघितलं. देव कपडे बघत नाही, मन बघतो, असं ते म्हणाले होते. पेर्पेतुआने चमचा खाली ठेवला. हा पाद्री बेटावरचा नाही, तिने सुनावलं, लिस्बनकडचा आहे, आणि तिकडच्या बायका सहा महिन्यांत टोपीला लाल फुलं लावून हिंडतात. त्याला काय विचारायचं?

“मग मी शिडांच्या खात्यात जाऊ?” इदालिनाने विचारलं. “ते काम बैलाचं आहे, सासूबाई.”

“तुझ्या सासऱ्याने जन्मभर बैलाचंच काम केलं. मेले नाहीत त्याने.”

त्यानेच मेले होते, पण ते बोलायची सोय नव्हती.

खरं तर शिडांचं काम जड आहे एवढंच कारण नव्हतं, आणि खरं कारण या टेबलावर कोणाला समजलं नसतं. मलमलीचे साचे फ्रेंच आणि इंग्रज बायकांचे, हे गिरणीत ठरलेलं होतं. बेटावरच्या बायकांनी झाडू मारायचा, सुताच्या कांड्या वाहायच्या, फार तर टॉवेल विणायचे. इदालिनाने झाडू मारला, कांड्या वाहिल्या, टॉवेल विणले, आणि नऊ वर्षांनी मास्तरने तिला मलमलीवर उभं केलं. बेटावरची पहिली बाई. तिथलं सूत इतकं बारीक की जोरात शिंकलं तरी तुटावं. ते तिच्या हातून तुटत नसे. तिला दुसरं काहीही असं येत नव्हतं. ना भाकर तिच्या हातची धड होई, ना नवऱ्याला दोन शब्द सुनवता येत, ना सासूला. पण साच्यावरून खाली उतरणाऱ्या त्या कापडाकडे बघताना तिला वाटे, हे मी करते. आईला तिने तेच लिहिलं होतं.

“आईच्या डोक्याला तेच कापड बांधलंय,” ती शेवटी म्हणाली.

पेर्पेतुआने तिच्या वाडग्यात आणखी एक डाव सूप घातलं. क्षणभर वाटलं, आता ती विरघळणार.

“पांढरं मेलेल्यांना असतं,” ती म्हणाली. “मागे राहिलेल्यांना काळं. तू कुठल्यात मोडतेस ते तू बघ.”

इदालिनाने बघितलं. सोमवारी तिने कोऱ्या मांजरपाटाचा एक सैल झगा पिशवीत घातला, काळ्यातच गिरणीत गेली, नळाशेजारच्या कोपऱ्यात कपडे बदलले, आणि शाल, घागरा, झंपर तिथल्या खिळ्याला टांगून साच्यावर उभी राहिली. भर खात्यात उघड्या अंगाने उभं राहिल्यासारखं तिला वाटलं. संध्याकाळी पुन्हा सगळं काळं चढवून ती घरी आली. दुसऱ्या दिवशी तेच, आणि तिसऱ्या दिवशीही.

विणकाम खात्यात साच्यांच्या खडखडाटात कानाचा उपयोग नसतो. तिथे माणसं ओठांवरून बोलतात आणि ओठांवरून ऐकतात. वर्षभरात कोणालाही ते जमतं. बाहेरच्या जगात बायका पाठीमागे कुजबुजतात आणि ज्याच्याबद्दल कुजबुजतात त्याला ते ऐकू येत नाही, एवढी तरी दया असते. इथे पाच ओळी पलीकडून बेटावरची एखादी तोंड हलवी आणि इदालिनाला ते कानात सांगितल्यासारखं कळे. आईला खिळ्याला टांगलीय. साडेपाच दिवसांची पांढरी, दीड दिवसाची काळी. एकदा तर ज्युस्ताच्या ओठांवर तिने आपलं नाव वाचलं. नंतर विचारलं तर ज्युस्ता म्हणाली, अगं मी तर तुझी बाजू घेत होते. घेत असेलही.

घरी पेर्पेतुआने भांडण काढलं नाही. भांडण काढलं असतं तर बरं. तिने सुनेशी बोलणंच टाकलं. रविवारी देवळात ती सुनेला सोडून वेगळ्या बाकावर जाऊन बसली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि चारचौघांत विचारणाऱ्यांना सांगू लागली की तिथे माझ्या पाठीला वारं लागतं.

आणि मलमल? मलमल दुधासारखी उतरली. पाच आठवड्यांत एक तंतू सापडला नाही. मास्तरने साच्याशी येऊन तिचे आभार मानले आणि खांद्यावर थोपटलं. तिला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. आई गेल्याचं आता अंगावर काही उरलं नव्हतं, मानेला खाजही नव्हती, आणि डोळ्यांत पाणी तर पहिल्या दिवसापासून नव्हतं. रात्री आडवं झाल्यावर ती स्वतःला विचारायची, मी खरंच दगड आहे का?

मेच्या मध्यावर मोठे मालक वारले. ते ब्याऐंशी वर्षांचे होते आणि खात्यातल्या बहुतेकांनी त्यांना फक्त जिन्यातल्या तसबिरीत बघितलं होतं. सकाळी गिरणीच्या फाटकावर काळं कापड आडवं लावलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी ऑर्मरॉड मास्तर हाताला काळी पट्टी बांधून आला, बरोबर पुठ्ठ्याची एक पेटी. तो ओळीओळीने फिरला आणि प्रत्येकीला बोटभर काळी फीत आणि एक टाचणी दिली. दुपारी दोन वाजता मालकांची शवपेटी देवळातून निघेल, त्या वेळी साचे पाच मिनिटं बंद राहतील आणि सगळ्यांनी उभं राहायचं, असं त्याने सांगितलं.

“ही पाच मिनिटं कोणाच्या डोक्यावर?” ज्युस्ता पुटपुटली. “कापड विणलं तर पैसे. साचा थांबला की आपलंच पोट थांबतं.”

इदालिना हातातल्या फितीकडे बघत राहिली. मग तिने ज्युस्ताला मास्तरला विचारायला लावलं की हे काळं चालतं का. मास्तरला तिचा रोख कळला असावा, कारण तो किंचित लाल झाला. ही रेशमी आहे, तो म्हणाला, हिचा तंतू सुटत नाही.

तिने फीत मांजरपाटाच्या झग्यावर टाचली. ज्या माणसाला तिने कधी बघितलं नाही त्याच्यासाठी तिच्या छातीवर काळं लागलं. खिळ्यावर शाल लोंबत होती. तिला इतका संताप आला की बऱ्याच वर्षांनी तिच्या हातून एकामागोमाग तीन दोरे तुटले.

दोन वाजता साचे फिरवणारे पट्टे थांबले. एकेक ओळ मंदावत गेली आणि मग ते खातं गप्प झालं. कामाच्या वेळी, दोनशे माणसं उभी असताना, ते गप्प झालेलं इदालिनाने अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं. कुठेतरी नळ ठिबकत होता. कोणीतरी खोकलं. खिडकीबाहेर घोडागाडी गेली. पत्र आलं त्या दिवसापासून ती जी जागा शोधत होती, बसायला आणि आई गेली हे नुसतं कळून घ्यायला, ती जागा अशी अचानक समोर उघडली होती. आणि ती दुसऱ्याच कोणाच्या नावाची होती.

ती गुडघ्यांवर बसली. तेलकट फरशीवर, दोन साच्यांच्या मधल्या बोळात.

“रोझारियाच्या आत्म्यासाठी,” ती बोलली, आणि त्या शांततेत ते खात्याच्या शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. “फुर्नाशच्या. माझ्या आईच्या.”

आणि तिने नमो मारियाची प्रार्थना सुरू केली. पहिली अर्धी तिने एकटीने म्हटली. दुसरी अर्धी प्रार्थना बेटावर कोणीच एकट्याने म्हणत नाही, ती बाकीच्यांनी उचलायची असते, आणि ती उचलली गेली नाही तर काय, हे तिला तिथे पोचल्यावर सुचलं. क्षणभर नळच ठिबकत राहिला. मग मागून ज्युस्ताचा घोगरा आवाज आला. मग पाच ओळी पलीकडून दुसरा. मग एकेक गुडघा फरशीवर टेकल्याचे आवाज आले आणि विसेक बायकांनी एका सुरात प्रार्थनेची दुसरी अर्धी उचलली. त्यांच्यात ज्यांच्या ओठांवरून तिने नको ते वाचलं होतं त्याही होत्या. फ्रेंच आणि इंग्रज बायका उभ्याच राहिल्या. ऑर्मरॉड मास्तरने टोपी काढली आणि मान खाली घातली.

दहा नमो मारिया झाल्या आणि पट्टे फिरू लागले.

मास्तर तिच्याकडे आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. तो तिला बोळातून जिन्यापाशी घेऊन गेला, जिथे बोललेलं ऐकू येतं, ज्युस्ताही मागोमाग आली. म्हातारे मालक गेले आणि या बायका आपण होऊन गुडघ्यांवर बसल्या, तो म्हणाला. असं त्याने आयुष्यात बघितलं नव्हतं. तो हे मालकांच्या घरी जाऊन सांगणार होता, तिच्या नावासकट.

ज्युस्ताने हे सांगितलं आणि लगेच, चेहरा तसाच हसरा ठेवून, पुढचं बोलली. “गप्प राहा आणि मान हलव. आत्ता मागशील ते देईल हा. काळं सुती झंपर मागून घे, काळी ओढणी मागून घे. मलमल पण राहील, आई पण राहील. मी विचारू?”

इदालिनाला ते सगळं दिसलं. सुती काळं, तलम साचे, पेर्पेतुआ पुन्हा शेजारच्या बाकावर. नुसती मान हलवायची होती. आणि मग रोझारियासाठी म्हटलेल्या दहाच्या दहा नमो मारिया त्या म्हाताऱ्याच्या खात्यावर जाणार होत्या. आई गेल्यावर तिला दिलेली ती एकुलती एक गोष्ट.

“नाही,” तिने मास्तरला स्वतःच सांगितलं, आपल्या तुटक्या इंग्रजीत. “मालक नाही. आई. माझी आई.”

मास्तरला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

ती पाच मिनिटं मालकांसाठी दिली होती, तो म्हणाला. ज्युस्ताने हे अगदी बारीक आवाजात सांगितलं.

“त्याला विचार,” इदालिना म्हणाली, “साचे बंद होते तेव्हा आमचे पैसे चालू होते का?”

“इदालिना, पाया पडते तुझ्या.”

“विचार.”

ज्युस्ताने विचारलं. मास्तर हाताची काळी पट्टी सारखी करू लागला.

“नव्हते चालू,” इदालिनाच म्हणाली. “म्हणजे ती पाच मिनिटं आमच्या पोटातून गेली. माझी मी माझ्या आईला दिली. हे सांग त्याला.”

ज्युस्ताने किती सांगितलं कोण जाणे, पण पुरेसं सांगितलं असावं. मास्तर ओरडला नाही. ओरडणारा माणूस नव्हताच तो. त्याने नुसता हात पुढे केला. तिने झग्यावरची फीत काढली, टाचणी तिच्यात नीट खोचली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. उद्यापासून रस्त्यापलीकडे, तो म्हणाला, आणि हे सांगायला ज्युस्ता लागली नाही.

बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पेर्पेतुआ दाराशी उभी होती. तिने आपल्या हाताने सुनेच्या खांद्यावर शाल घातली, पुढे दोन्ही पदर सारखे केले आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा बोलली.

“आता कशी माणसात आलीस.”

इदालिनाला ती शाल काढून तिच्या अंगावर फेकावीशी वाटली. नऊ वर्षं गेली होती तिची. आता तिच्या हातांना जे येत होतं ते कोणाला नको होतं. पण म्हातारीच्या डोळ्यांत खरोखरच माया होती, आणि मायेवर ओरडायचं कसं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती मुकाट्याने जिना उतरली.

शिडांच्या खात्यात तिला कोणी ओळखत नव्हतं. सूत सुतळीएवढं जाड, धोटे विटांसारखे जड, आणि साचा सुरू झाला की पायाखालची फळी हादरायची. दोरा तुटतच नव्हता, तुटला तरी तो कोणालाही जोडता आला असता. तिने आपली बोटं त्या सुतावरून फिरवली आणि त्यांचं आता काय करायचं ते तिला कळेना. निदान काळ्याबद्दल कोणी काही बोललं नाही. ती शाल, घागरा, झंपर, पायमोजे सगळं लेवून उभी होती. मान खाजत होती. तिला त्यात थोडं बरं वाटलं.

दुपारचा भोंगा झाला. भाकरीची पुरचुंडी सोडायला म्हणून ती खिडकीखालच्या गठ्ठ्यावर बसली आणि तिने खाली बघितलं.

काळं कुठेच नव्हतं. हलक्या प्रतीच्या कापसाच्या जाड सुतातून सकाळपासून धुरळा उडत होता, छतापासून पावसासारखा खाली येत होता, आणि त्या केसाळ लोकरीने त्यातला कण न् कण धरून ठेवला होता. शाल पांढरी होती. घागरा, बाह्या, पायमोजे, मांडीवरचे हात, सगळं पांढरं. तिने शाल झटकली, तशी ती नुसती करडी झाली. तिने पुन्हा झटकली. मग दोन्ही मुठींनी ती चोळू लागली, जोरजोरात, आणि चोळता चोळता तिच्या घशातून एक आवाज निघाला, तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. ती रडत होती. अकरा वर्षांचं आणि साडेपाच आठवड्यांचं आणि त्या हसण्याच्या मंगळवारचं, सगळं एकदम आलं. आई, ती म्हणत होती, आई गं, आणि तिथे तिची भाषा कोणालाही कळत नव्हती.

शेजारच्या साच्यावरची पोलिश बाई हातातला पाव तसाच ठेवून उठली. ती गठ्ठ्यावर तिच्याजवळ बसली. काही बोलली नाही, बोलून उपयोगही नव्हता. तिने इदालिनाच्या खांद्यावरचा कापसाचा एक पुंजका बोटांनी उचलला, मग दुसरा, मग तिसरा. ती वेचत राहिली, आणि तिने वेचलेल्या जागी वरून दुसरा कापूस येऊन बसत राहिला.